पत्र्याखालचं हवामान

५ जूनला पर्यावरण दिन असतो. त्या दिवशी शहरातल्या एका हॉलात व्याख्यान होतं. रातपाळी करून, झोप मोडून मी गेलो. हॉलला एसी होता. खोटं कशाला बोलू, निम्मा त्याच्यासाठीच गेलो.

वक्ते बाहेरगावचे. अंगात खादीचा झब्बा, आवाज मऊ. पडद्यावर बर्फ वितळताना दाखवला. बर्फाच्या तुकड्यावर अडकलेलं पांढरं अस्वल दाखवलं. हॉल हळहळला. मग साहेबांनी उपाय सांगितले. कापडी पिशवी वापरा. एसी २४ वर ठेवा. आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवा. नळ चालू ठेवून दात घासू नका. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एक झाड लावा.

प्रश्न विचारा म्हणाले, तसा मी उठलो. म्हटलं, साहेब, माझ्याकडं एसी नाही. गाडी नाही. नळ घरात नाही, वस्तीच्या कोपऱ्यावर आहे आणि त्याला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. झाड लावायला अंगण नाही, दारासमोर गटार आहे. तर मी नेमकं काय कमी करू?

हॉल हसला. साहेबही हसले. म्हणाले, "तुम्ही तर आदर्श आहात! तुमचा कार्बन फूटप्रिंट जवळजवळ शून्य. तुमच्याकडून आम्हीच शिकलं पाहिजे."

टाळ्या पडल्या.

मी खाली बसलो. फूटप्रिंट म्हंजे पाऊलखूण. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावरनं चालताना आमच्या बापजाद्यांच्या कमरेला झाडू बांधलेला असायचा. कशासाठी? आमची पाऊलखूण आम्हीच पुसत जावी म्हणून. त्या हिशेबानं आमचा फूटप्रिंट तेव्हाही शून्यच होता. तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढाच फरक.

अंगावर धड कापड नको, घरात धातूचं भांडं नको, साठवण नको हे मनूनं सांगितलं तेव्हा तो धर्म होता. आज तीच उपासमार साधी राहणी म्हणून आमच्या गळ्यात घालतात आणि त्याला पर्यावरण म्हणतात. दोस्तांनो, ज्याच्याकडं सोडायला काही आहे त्याचा त्याग असतो. आमच्याकडनं काढून घेतलेलं आहे. त्याला त्याग म्हणायचं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी वस्तीत परतलो. संध्याकाळी विहारात आपली पोरं बसली होती. त्यांना हॉलमधली गोष्ट सांगितली. ती हसली. एकजण म्हणाला, "तू कशाला गेलतास बे तिथं? पर्यावरण, हवामान ही पोट भरलेल्यांची थेरं. आपला प्रश्न अत्याचाराचा, आरक्षणाचा, नोकरीचा. बर्फाचं आपल्याला काय करायचं?"

हा लेख त्या वक्त्यासाठी नाही. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडं वेळ नाही. हा लेख त्या पोरासाठी आहे. तो माझा दोस्त आहे, मोर्चात माझ्या पुढं चालतो. आणि या एका बाबतीत तो साफ चुकतोय.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. आमच्या सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४३-४४ ला जातो. बाहेरचा उन्हाळा कोरडा असतो, घाम येतो आणि वाळतो. खात्यात तसं नसतं. कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून हवेत पाण्याचे बारीक फवारे सोडून ती दमट ठेवतात. दमट हवेत घाम वाळत नाही. घाम वाळला नाही की अंग निवत नाही. उकाडा आत साठत जातो, डोकं गरगरतं, पायात गोळे येतात. म्हणजे सूत तुटू नये म्हणून सुताला पाणी आहे. धागा तुटला तर तो मी जोडतो. मी तुटलो तर गेटवर बदली उभाच आहे.

१९४८ च्या कारखाना कायद्यात खात्यातल्या हवेचं, तापमानाचं कलम होतं, दमटपणाचं कलम होतं, अडीचशेपेक्षा जास्त कामगार असतील तिथं उन्हाळ्यात थंड पाणी द्यायचं कलम होतं. २०२५ च्या नोव्हेंबरात तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला. तिथंही हवा, तापमान, पाणी हे शब्द आहेत. शब्द कागदावर गार आहेत. खात्यात मी आजवर भिंतीवर लावलेला तापमानाचा एकही फलक पाहिला नाही.

आता त्याच्यावर हे ऐका. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत न्यायला मान्यता दिली. जग तापतंय, पारा चढतोय, आणि त्याच उकाड्यात माणसानं तीन तास जास्त उभं राहायचं. पोरा, तू म्हणतोस हवामान हा आपला प्रश्न नाही. मग हे १२ तास कुणाच्या पायावर पडणार आहेत?

जग का तापतंय ते एकदा सरळ समजून घेऊ, म्हणजे पुढं कुणी अस्वल दाखवून फसवणार नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. सूर्याचं ऊन आत येतं, जमीन तापते, तापलेली जमीन ती ऊब परत वर सोडते. ती ऊब हा वायू अडवून धरतो. एकदा वर गेलेला हा वायू शेकडो वर्षं तिथंच राहतो. सोलापूरच्या माणसाला सोप्या भाषेत सांगायचं तर पृथ्वीवर चादर पडलीय आणि ती दरवर्षी जाड होतेय. २०१५ ला पॅरिसला सगळ्या देशांनी ठरवलं की तापमानवाढ जमल्यास दीड अंशावर रोखायची. २०२४ हे सबंध वर्ष दीड अंशाच्या वर गेलं. एका वर्षानं करार मोडत नाही, पण वारा कुठल्या दिशेला आहे ते कळतं.

ही चादर विणली कुणी? जगातले वरचे १० टक्के श्रीमंत एकूण धुराच्या जवळजवळ निम्म्या धुराला जबाबदार आहेत. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला २ टनांच्या आसपास. पण हा "भारतातला माणूस" कोण? बंगल्यात चार एसी चालवणारा आणि ऊसतोडीला जाणारी बाई, दोघांना एकत्र करून काढलेली ती सरासरी आहे. दिल्लीतले पुढारी परदेशात परिषदेला जातात आणि आमची गरिबी पुढं करून सांगतात, बघा, आमचा देश किती कमी धूर काढतो. आमच्या उघड्या अंगाची ढाल करून त्याच्यामागं मलबार हिल लपतं. २०२३ ला दुबईत हवामान परिषद भरली. तिचा अध्यक्ष एका तेल कंपनीचा प्रमुख होता. आमच्याकडं सावकारालाच कर्जमाफीच्या कमिटीवर बसवायची रीत आहे. जगात पण तीच दिसते.

आता मूळ मुद्द्याला येतो. प्रदूषण हा शब्द या देशात नवा नाही. त्याला जुना शब्द विटाळ. या देशात प्रदूषणाचं पहिलं खातं मनूनं काढलं, आणि त्या खात्यात प्रदूषित वस्तू म्हणून आमची नोंद झाली. १९२३ ला बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळ्यावर गुरं पाणी प्यायची, तेव्हा ते शुद्ध होतं. माणसं प्याली आणि तळं बाटलं. मग ते शुद्ध कसं केलं? १०८ घागरी, त्यात शेण आणि गोमूत्र! पिण्याच्या पाण्यात शेण कालवणाऱ्यांची नातवंडं आज आम्हाला स्वच्छता शिकवतात.

१९२७ सालचीच आणखी एक गोष्ट. मुंबईच्या देवनारला कचरा टाकायला लागले ते त्याच साली. तेव्हापासून सगळ्या मुंबईचा कचरा तिथं चढत गेला, इमारतीएवढे डोंगर झाले. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली, दिवसेंदिवस धूर कोंडला. त्याच्या पायथ्याशी कोण राहतं? दलित आणि मुसलमान. कचरा कुठं टाकायचा हे ठरवताना वाऱ्याची दिशा नंतर बघतात. आधी जात बघतात.

मुंबईच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी विणखात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते. धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. आमची थुंकी लागली तर सवर्ण विणकर बाटायचा. पगार जास्त त्या खात्यात, म्हणून विटाळ पण त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो दुय्यम वाटला होता. वर्गाच्या लढाईत जात आणू नका म्हणाले. आज हवामानाच्या लढाईत जात आणू नका म्हणतात. "निसर्ग भेदभाव करत नाही, पूर सगळ्यांना सारखा" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. पूर सगळ्यांना सारखा असता तर नदीकाठचा उतार आमच्या वाट्याला आणि उंचवटा पाटलाच्या वाट्याला आला नसता. २००४ ची त्सुनामी आली. तामिळनाडूत समुद्रानं जात पाहिली नाही, पण मदतीच्या छावणीत माणसांनी पाहिली. दलितांना पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, अशा नोंदी झाल्या. लाट ओसरली. तळं अजून चवदारच होतं.

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात सीना नदीला महापूर आला. उभी पिकं गेली, घरं गेली, जनावरं वाहून गेली. शेतकऱ्याचं नुकसान मोठं होतं, त्याला भरपाई मिळालीच पाहिजे, ती पण पुरेशी मिळत नाही. पण पंचनाम्याला तलाठी येतो तो सातबारा घेऊन येतो. ज्याच्या नावावर जमीन त्याच्या नावावर नुकसान. त्याच शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईचा दोन महिन्यांचा रोजगार त्याच पाण्यात बुडाला. त्याचा पंचनामा कुठल्या रकान्यात करायचा? रकानाच नाही. आधी जमीन दिली नाही, मग जमीन नाही म्हणून नुकसानही नाही.

आता त्यांच्या उपायांकडं बघू. हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण संकट आपल्या डोक्यावर आहेच, उपाय पण आपल्याच डोक्यावर टाकायचं चाललंय.

पहिला उपाय सूर्याची वीज. चांगली गोष्ट. कोळसा जाळण्यापेक्षा हजार पटीनं चांगली. आमच्या शहराच्या जवळ १३२० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे, त्याला उजनीचं पाणी लागतं. ते कधीतरी बंद होऊन सूर्यावर वीज झाली तर मला आनंदच आहे. पण पत्रे कुठं अंथरायचे? सौर कृषिवाहिनी योजनेत सरकारी जमीन बघतात, गायरान बघतात. सरकारी कागदावर गायरान म्हणजे रिकामी जमीन. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसं जेलात गेली. त्या जोरावर आमच्या माणसांनी गायरानं कसली, दगड वेचले, बांध घातले, गावाचा मार खाल्ला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय निघाला. तरी कित्येकांच्या हातात अजून सातबारा नाही. आणि आता त्याच जमिनीवर सूर्य उतरवायचा म्हणतात. सूर्य सगळ्यांचा, वीज त्यांची, आणि जमीन मात्र आमच्या पायाखालची.

दुसरा उपाय इथेनॉल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं, धूर कमी होईल, उसाला भाव येईल. ऊस तोडतं कोण? बीडकडची, मराठवाड्यातली दुष्काळानं हाकललेली माणसं, त्यात आपली किती! कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाईची पाळी आली, दुखणं आलं की खाडा, आणि खाड्याला दंड. म्हणून बायकांनी पिशव्या काढल्या. २०१९ ला सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात पाहणी केली तेव्हा गर्भाशय काढलेल्या १३ हजारांहून जास्त ऊसतोड बायका मोजल्या गेल्या. जो दुष्काळ त्यांना घराबाहेर काढतो तो हवामानानं वाढतो, आणि हवामानावरचा उपाय म्हणून त्यांनी जो ऊस तोडायचा तो ऊसच दुष्काळी भागाचं पाणी पितो. असलं हिरवं इंधन कुणाच्या रक्तावर हिरवं आहे ते विचारायचं नाही का?

तिसरा उपाय, कचरा वेचणं. आता म्हणतात, कचरावेचक बाई ही पृथ्वीची रक्षक आहे. पुण्यात कचरावेचक बायकांनी १९९३ ला आपली संघटना उभी केली, ओळखपत्रं मिळवली, दारोदारचा कचरा गोळा करायचं काम हक्कानं घेतलं. त्या बायकांना माझा कडक जय भीम. पण तिच्या पोरानंही तेच करावं आणि त्याला हिरवी नोकरी म्हणावं, हे मी ऐकून घेणार नाही. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडा म्हणून सांगितलं होतं. त्याला नवं नाव देऊन ते परत आमच्या हातात देऊ नका. मशीन आणा, हातमोजे द्या, पगार द्या, आणि कचरा करणाऱ्याच्याच हाती तो वेगळा करायचं काम द्या.

चौथा उपाय, खेड्याकडं चला. पूर्वी सगळं निसर्गाशी जुळवून होतं म्हणे. कुणाचं जुळवून होतं? गावकुसाच्या बाहेर, उताराच्या शेवटी, मेलेल्या ढोरांच्या वासात जे राहात होते, त्यांना जाऊन विचारा. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला डबकं म्हटलं होतं. त्या डबक्यात आम्ही परत उतरणार नाही, मग त्यावर कितीही कमळं लावा.

तर मग करायचं काय? इथं मी माझ्या दोस्ताशी भांडतो.

तू म्हणतोस आपला प्रश्न नाही. अरे, आपली चळवळच पाण्यानं सुरू झाली! जगात कुठल्या चळवळीनं ओंजळभर पाण्यासाठी परिषद भरवली, मार खाल्ला आणि वर १९३७ पर्यंत हायकोर्टात केस लढवून जिंकली? १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्या चार वर्षांत त्यांनी काय केलं ते आपल्या भाषणात येत नाही. दामोदर खोऱ्याची योजना, हिराकूडची योजना, नद्यांचं पाणी मोजणारा आणि आखणारा केंद्रीय आयोग, ही त्यांच्या खात्याची कामं. १९४६ ला आठवड्याला ४८ तासांचा कायदा, तो पण त्यांच्या खात्याचा. पूर, दुष्काळ, वीज, कामाचे तास हे चारी प्रश्न एका माणसाच्या टेबलावर एका वेळी होते. त्या माणसाची लेकरं आज म्हणतात, हवामान आपला प्रश्न नाही! आपण त्यांचा फोटो घेतला आणि फाइल टेबलावरच ठेवून आलो.

आता घरातली गोष्ट सांगतो, मग मागण्या.

मागच्या मे महिन्यात आमच्या गल्लीतली एक आजी गेली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. दुपारी पत्र्याखाली झोपली ती उठलीच नाही. सून कामाला गेली होती. वस्तीतली वीज गेलेली, पंखा बंद. मी हात लावला तर अंग भाजत होतं. दाखल्यावर लिहिलं, हृदयक्रिया बंद. ती तर प्रत्येक मेलेल्याची बंद पडते. ऊन लिहिलं नाही. ऊन लिहिलं असतं तर उद्या कुणीतरी विचारलं असतं की पत्रा एवढा का तापला, पाणी का नव्हतं, वीज का गेली. हृदय लिहिलं की प्रश्न आक्काचा होतो. आक्कानं मला पहिली वही घेऊन दिली होती. माझी पहिली कविता तिनंच ऐकली आणि म्हणाली, "चांगलं हाय रं, पर भाकरीवर लिव." तिच्यावर मी अजून कविता लिहिली नाही. हे लिहितोय.

त्याच्या आधी, मार्चात, जयंतीची मिटिंग झाली होती. आमच्या वस्तीत १४० घरं. वर्गणी जमली. डीजेचा आकडा निघाला ८५ हजार. मी उठलो आणि म्हणालो, यंदा डीजे नको. एका घराच्या पत्र्याला चुना, त्यात फेव्हिकॉल घालून दोन हात मारायला पाचशेच्या आत खर्च येतो. १४० घरांचे ७० हजार. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो, घर दोन ते पाच अंशांनी थंड राहतं. जयंती १४ एप्रिलला, उन्हाळ्याच्या तोंडाशी. बाबासाहेबांना दुसरी कुठली मानवंदना पायजे?

गलका झाला. एकजण म्हणाला, "डीजे नाय तर जयंती कसली?" दुसरा म्हणाला, "पत्रे रंगवायचेच तर निळे रंगवू!" मी म्हटलं, गड्या, निळा झेंडा वर फडकू दे, पत्र्याला गडद रंग दिला तर आत पोरं भाजतील. हसले सगळे. मग हात वर करून मतदान झालं. माझ्या बाजूनं सात हात.

डीजे आला. छाती हादरली. मी पण नाचलो, लपवत नाही.

नंतर आम्ही सातजणांनी पदरच्या पैशानं नऊ पत्रे रंगवले. आक्काचं घर दहावं होतं. पुढच्या पगाराला करू म्हणालो. पगार व्हायच्या आधी आक्का गेली. मी वीस रुपयांना मागून आणलेला भिंतीवरचा तापमापक रंगवलेल्या घरात लावला, मग शेजारच्या न रंगवलेल्या घरात लावला. दुपारी तीनला एकात ३८, दुसऱ्यात ४२. हे चार अंश त्या सात हातांच्या आणि बाकीच्या हातांच्या मधले आहेत. मी कुणावर खुनाचा आरोप करत नाही. केला तर पहिला माझ्यावर करावा लागेल, कारण मी नववा पत्रा माझा रंगवला होता.

अहमदाबाद गिरण्यांचंच गाव. २०१० च्या मे महिन्यात तिथं उन्हाची लाट आली आणि नेहमीपेक्षा १३०० हून जास्त माणसं मेली. त्यानंतर २०१३ ला तिथं उष्णतेचा कृती आराखडा झाला. आधी इशारा द्यायचा, दवाखान्यात सोय ठेवायची, पाण्याची ठिकाणं उघडायची, पुढं झोपड्यांचे पत्रे पांढरे करायचे. हे रॉकेटचं शास्त्र नाही. आराखडे आता खूप शहरांचे आहेत. तुमच्या शहराचा आहे का, त्यात तुमच्या वस्तीचं नाव आहे का, एवढं जाऊन विचारा. नाव नसेल तर लढाई तिथंच सुरू झाली.

आपल्या मागण्या मी अशा मांडतो. चुकलं असेल तर पुढच्या अंकात फाडून काढा.

एक. ज्याला आपण अजून दलित वस्ती सुधार म्हणतो त्या निधीतून कमानी आणि फरशा पुरे झाल्या. पहिला खर्च पत्र्यावर, सावलीवर आणि घरात नळ आणण्यावर.

दोन. कारखान्यात, सूतगिरणीत, यंत्रमागावर प्रत्येक खात्यात तापमान आणि दमटपणा दाखवणारा फलक. ठराविक आकड्याच्या वर गेलं की पगारी विश्रांती. १२ तासांच्या दिवसाला विरोध. बांधकामावर आणि रस्त्यावर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ काम बंद, मजुरी चालू.

तीन. उन्हाळ्यातल्या प्रत्येक मृत्यूच्या दाखल्यावर त्या दिवसाचं ऊन नोंदलं जावं. सरकार नोंदत नसेल तर आपण विहारात वही ठेवायची. नाव, वय, तारीख, त्या दिवसाचा पारा, घराला पत्रा होता की स्लॅब, पाणी किती दिवसांनी आलं होतं. पाच वर्षांची वही झाली की ती कुठल्याही कोर्टात बोलेल.

चार. पुरात, दुष्काळात बुडालेल्या मजुरीचा पंचनामा. सातबारा नसलेल्या माणसालाही नुकसान असतं.

पाच. कसणाऱ्याच्या नावावर गायरान झाल्याशिवाय त्यावर एकही सौर पत्रा नको. नावावर झाल्यावर पत्रे लावायचे असतील तर भाडं आणि विजेचा वाटा कसणाऱ्याला.

सहा. गटारात माणूस उतरणार नाही. पाऊस एका तासात महिन्याचा पडायला लागलाय, गटारं तुंबणार, आणि परत आमच्याच भावाला दोर बांधून आत सोडतील. त्या दोराला आत्ताच नाही म्हणायचं.

यातली एक पण मागणी अस्वलाच्या विरोधात नाही. अस्वल जगू दे. पण अस्वलासाठी हळहळणारा हॉल आक्काच्या पत्र्याखाली दुपारी तीन वाजता एक तास बसवायचा, आणि मग व्याख्यान करा म्हणायचं, एवढी माझी इच्छा आहे.

आणि दोस्ता, तुला शेवटचं. तू परवा म्हणालास, "क्रांती काय चुन्यानं होती का?" नाही होत. चुन्यानं चार अंश होतात. चार अंशात म्हातारं माणूस जगतं, तान्हं पोर झोपतं, रातपाळी करून आलेला कामगार डोळा मिटतो. जगलेली, झोपलेली माणसं मोर्चाला येतात. मेलेल्यांचे आपण फक्त बॅनर लावतो. पुढच्या मार्चात जयंतीची मिटिंग आहे. मी परत उठणार आहे. तेव्हा मला तुझा हात वर पायजे.

जय भीम.